बाईकर बायकांचे स्वस्त सिनेमे: चालवणाऱ्या किती आणि डबलसीट किती?

टपोरी_प्रोजेक्टर
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो. १९६६ ला रॉजर कॉर्मनचा द वाइल्ड एंजल्स चालला आणि अमेरिकेत मोटरसायकल गँगच्या सिनेमांची रांगच लागली, पुढे सात-आठ वर्षं ती चालू होती. ईझी रायडर सगळ्यांना माहीत असतो. मला बोलायचंय ते ह्याच रांगेतल्या एका छोट्या कोपऱ्याबद्दल, जिथे गँग बायकांची आहे. एकट्या १९६८ मध्ये असे तीन आले: हर्शेल गॉर्डन लुईसचा शी-डेव्हिल्स ऑन व्हील्स, मॉरी डेक्स्टरचा द मिनी-स्कर्ट मॉब आणि रॉबर्ट स्लॅट्झरचा द हेलकॅट्स. तिन्ही कमी पैशातले, ड्राइव्ह-इन थिएटरसाठी बनवलेले, पोस्टर आधी ठरवायचं आणि गोष्ट मागाहून अशा पद्धतीचे.

आता माझा मुद्दा. पोस्टरवर तिन्हीत बायका गाडीवर स्वार दिसतात, पण गोष्टीत गँग खरंच त्यांची असते का? हेलकॅट्समध्ये कथा शेवटी एका मारल्या गेलेल्या पोलिसाच्या भावाची आणि त्या पोलिसाच्या होणाऱ्या बायकोची आहे, दोघं गँगमध्ये घुसून शोध घेतात, बायकांची गँग म्हणजे नुसता देखावा. मिनी-स्कर्ट मॉबमध्ये डायन मॅकबेनची शेन ही गँगची पुढारी, जबरदस्त बाई, पण तिचं दुःख काय तर जुन्या प्रियकरानं दुसरीशी लग्न केलं. सगळा सिनेमा त्या नवदांपत्याच्या मागे वाळवंटात धावण्यात जातो आणि शेवटी शेन मरते. राहिला शी-डेव्हिल्स. त्यात 'मॅन-ईटर्स' नावाची टोळी दर आठवड्याला ओसाड धावपट्टीवर शर्यत लावते आणि जी जिंकेल तिला रांगेत उभ्या पुरुषांतून पहिली निवड! कॅरन नावाच्या मुलीला तिचा जुना मित्र टेड विनवण्या करतो की हे सोड, माझ्याबरोबर चल, आणि ती जात नाही. सिनेमा म्हणून अत्यंत कच्चा आहे, अभिनय नाहीच, तरीपण मला तिघांत हाच सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

तुम्हाला काय वाटतं? असे सिनेमे बघितले असतील तर त्यात हँडल कुणाच्या हातात होतं ते सांगा.

चहापोळी
मिनी-स्कर्ट घालून मोटरसायकल? एकदा तापलेला सायलेन्सर पोटरीला लागला की गँग बरखास्त.

मॅटिनीबाज
टपोरीराव, झकास धागा. आमच्या कॉलेजच्या काळात असले इंग्रजी पिक्चर मॉर्निंग शोला लागायचे, बाहेर भलंमोठं पोस्टर आणि आत सेन्सॉरनं इतकी कात्री लावलेली की गोष्टीचा पत्ता नाही. गाड्या चालवण्याचे सीन मात्र पूर्ण असायचे, कारण त्यात कापण्यासारखं काही नसे :) त्यामुळे आमच्या पिढीला हे पिक्चर म्हणजे नुसत्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटरसायकली असंच आठवतं.

फास्टर पुसीकॅट राहिला की तुमच्या यादीत, १९६५ चा, रस मेयरचा.

ऑस्टिनकर
@मॅटिनीबाज काका, फास्टर पुसीकॅटमध्ये मोटरसायकली नाहीत, स्पोर्ट्स कार आहेत. पण आठवण योग्य ठिकाणी काढलीत, कारण वाळवंटात तीन बायका, वेग आणि मारामारी हा सगळा मसाला तिथे बाईकवाल्या सिनेमांच्या आधीच तयार होता. तुरा सताना त्यात एका पुरुषाला नुसत्या हातांनी मारते. तिचा जन्म जपानमधला, लहानपण शिकागोत गेलं, मारामारी तिला खरंच येत होती आणि ते पडद्यावर कळतं. पुढच्या बाईकर पोस्टरांवरच्या बायकांच्या उभं राहण्यात मला तीच दिसते.

गोदाकाठ
मी जरा वेगळं बोलणार आहे. टपोरी_प्रोजेक्टर म्हणतात की शी-डेव्हिल्स प्रामाणिक आहे. मान्य, पण कुणाच्या बाजूनं प्रामाणिक? लुईस हा आधी आणि नंतरही जाहिरातीच्या धंद्यातला माणूस, त्यानं स्वतः कधी लपवलं नाही की तो विकण्यासाठी सिनेमे करायचा. १९६३ ला ब्लड फीस्ट काढून त्याला कळलं होतं की मोठे स्टुडिओ जे दाखवत नाहीत ते दाखवलं की तिकीट विकलं जातं. रक्ताचं गिऱ्हाईक मिळालं, मग गुंड बायकांचं मिळेल म्हणून हा सिनेमा. पुरुषांची रांग लावून बाई निवडते हे बघायला १९६८ च्या ड्राइव्ह-इनमध्ये कोण बसलं होतं? बहुतेक तरुण मुलगेच. त्यांना त्यात भीती आणि गुदगुल्या दोन्ही मिळत होत्या. ह्याला मी बायकांची सत्ता म्हणणार नाही.

आणि हिंसेचं काय? गँगमधली सगळ्यात लहान मुलगी, हनीपॉट, तिला दुसऱ्या टोळीचे पुरुष पळवून नेऊन मारहाण करतात, मग सूड. रस्त्यावर तार ताणून ह्या बायका त्या दुसऱ्या टोळीच्या म्होरक्याचं, जो-बॉयचं, मुंडकं उडवतात तो प्रसंग सगळे आवडीनं सांगतात, मात्र त्याआधी एका मुलीचे हाल झाले की नाही? बाईला राग यायचा तर आधी तिच्यावर किंवा तिच्या मैत्रिणीवर अत्याचार व्हायलाच हवा, हा नियम ह्या सगळ्या सिनेमांत आहे. पुरुषांच्या गँगला मात्र रस्त्यावर यायला कसलंही कारण लागत नाही.

टपोरी_प्रोजेक्टर
@गोदाकाठ शेवटचं वाक्य एकदम पटलं. पण एक सांगतो, मॅन-ईटर्सना रस्त्यावर यायला त्या सिनेमात कारण लागत नाही. हनीपॉटचा प्रसंग नंतर येतो. त्या पहिल्या शॉटपासून गाडीवर आहेत आणि का आहेत हे कुणी सांगत नाही, बालपण नाही, फसवणारा नवरा नाही. शेवटी पोलीस पकडतात तरी सिनेमा त्यांना परत रस्त्यावर आणूनच थांबतो. आणि पटकथा अ‍ॅलिसन लुईस डाउन ह्या बाईची आहे, ती लुईसबरोबर बरीच वर्षं काम करत होती. मला वाटतं हा फरक तिथून आला असावा.

फुलथ्रॉटल
वा, माझ्या आवडीचा विषय. मी स्वतः बुलेट चालवते, त्यामुळे मी असले सिनेमे गोष्टीसाठी बघतच नाही, मी बघते की बाईला गाडी येते की नाही. हे ओळखायला सोपं आहे. नटीचा चेहरा जवळून दाखवलाय, केस उडतायत, पण हातानं क्लच कधीच दाबत नाही आणि वळणावर गाडी कलतच नाही, म्हणजे गाडी ट्रेलरवर बांधलेली आहे. लांबून पूर्ण गाडी दिसते तेव्हा चेहरा दिसत नाही, म्हणजे दुसरंच कुणीतरी चालवतंय. मारियान फेथफुलचा द गर्ल ऑन अ मोटरसायकल, तोही १९६८ चाच, दिसायला सगळ्यांत देखणा, जॅक कार्डिफसारखा कॅमेरामन दिग्दर्शक, भलीमोठी हार्ली, पण तिच्या जवळच्या शॉटमध्ये गाडी ओढून नेलेली आहे हे चालवणाऱ्याला लगेच कळतं. तिला त्या गाडीचं वजन जाणवतच नाही! थांबल्यावर पाय टेकताना माणूस वजन घेतो ना, ते कुठेच नाही.

आणि शी-डेव्हिल्समध्ये उलटं. तिथे लुईसनं नट्या घेण्याऐवजी गाडी चालवता येणाऱ्या बायका शोधल्या. संवाद म्हणताना त्या अक्षरशः पाठ केलेलं म्हणतात, ते चालेल मला. कारण शर्यतीच्या वेळी पूर्ण बाई, पूर्ण गाडी आणि चेहरा एकाच चौकटीत दिसतो. किक मारताना अंग कसं येतं, गाडी वळवताना खांदा कसा जातो, ते खरं आहे. एवढं सुंदर दृश्य मी त्या काळच्या मोठ्या बजेटच्या सिनेमात बघितलेलं नाही. अभिनय शिकवता येतो हो, पण एवढी जड गाडी आठवड्यात शिकवता येत नाही.

तुम्ही विचारलंत हँडल कुणाच्या हातात. मी शब्दशः उत्तर देते: ह्या एका सिनेमात खरोखर त्यांच्याच हातात.

चहापोळी
फुलथ्रॉटल ताईंचा प्रतिसाद वाचनखूण साठवला. आता कुठलाही हिंदी पिक्चर बघताना मी क्लचकडेच बघणार.

खडीसाखर
एक कळत नाही, मराठीत एवढे चांगले सिनेमे असताना असल्या हलक्या सिनेमांवर इतकी चर्चा कशाला? पोस्टर बघूनच कळतं काय दर्जा आहे ते.

मॅटिनीबाज
@खडीसाखर, हलका पिक्चर ही शिवी आपल्याकडेही जुनी आहे बरं का. १९३५ चा हंटरवाली घ्या. वाडिया मूव्हीटोनचा, नाडियाचा. गोरी, दणकट बाई, हातात चाबूक, घोड्यावर, गुंडांना उचलून फेकते. वितरक हात लावेनात, शेवटी वाडिया बंधूंनी स्वतःच धडपड करून लावला आणि पिक्चर पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. तेव्हाच्या शहाण्या लोकांनी त्याला स्टंट पिक्चर म्हणून नाकं मुरडली. पुढच्याच वर्षीच्या मिस फ्रंटियर मेलमध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करते, स्वतः, डमी नाही. आज त्याच नाडियावर अभ्यास होतात. परळच्या लवजी कॅसलमध्ये हा सगळा कारखाना होता. पुढे १९४२ ला तीच जागा शांतारामबापूंनी घेतली आणि राजकमल कलामंदिर झालं. म्हणजे ज्या आवारात नाडिया गुंडांना बुकलत होती तिथेच नंतर आपण ज्यांना चांगले सिनेमे म्हणतो ते झाले.

आणि गोदाकाठ बाईंच्या मुद्द्यावर: नाडियालाही रस्त्यावर यायला कारण लागतंच, वडिलांवर अन्याय झालेला असतो.

गोदाकाठ
नाडियाची आठवण काढलीत ते बरं झालं. मोठा फरक एवढाच की नाडियाकडे कॅमेरा भुकेल्या नजरेनं बघत नाही. मी तिचे जेवढे तुकडे बघितलेत त्यात कॅमेऱ्याला तिच्या ताकदीचं कौतुक आहे. अमेरिकन बाईकर सिनेमांत मारामारी चालू असताना मध्येच कॅमेरा ब्लाउजच्या बटणांवर जाऊन बसतो.

शिंजुकू_एक्सप्रेस
नमस्कार, बरेच महिने वाचनमात्र होतो, हा धागा बघून राहवलं नाही. मी जपानमध्ये असतो आणि इथे ह्याच काळात ह्याच विषयावरचा फार मोठा साठा आहे. अमेरिकेत हे सिनेमे खरंच फुटकळ लोक काढत होते, इथे मात्र निक्कात्सू आणि तोएई सारख्या बड्या स्टुडिओंनी काढले. कारण साधं होतं, टीव्हीनं थिएटरं रिकामी केली होती आणि तरुण प्रेक्षक जे मागेल ते द्यायचं होतं.

१९७० ला निक्कात्सूनं स्ट्रे कॅट रॉक ही मालिका सुरू केली. पहिल्या भागाची नायिका आकिको वादा, ओसाकाची उंच गायिका, घोगरा आवाज, मोटरसायकलवरून एकटी टोकियोच्या शिंजुकू भागात येते आणि मुलींच्या टोळीच्या भांडणात पडते. तिला कुणाशी प्रेम करायचं नाही, कुणाचा सूड घ्यायचा नाही. येते, मुलींना साथ देते, निघून जाते. गोदाकाठ म्हणतात तो नियम ह्या सिनेमात मोडलेला आहे असं माझं मत. दिग्दर्शक यासुहारु हासेबे. पण टोळीची पुढारी म्हणून त्यात मेइको काजी होती आणि लोकांना तीच इतकी आवडली की मालिका तिची झाली. वर्षभराच्या आत पाच भाग! १९७१ मध्ये निक्कात्सूनं धंदा वाचवायला सगळा भर कामुक सिनेमांवर टाकला आणि काजी बाहेर पडून तोएईत गेली.

तोएईकडे 'सुकेबान' म्हणजे मुलींच्या टोळीच्या म्होरक्याची मालिका होती. नोरिफुमी सुझुकीचा १९७२ चा एक भाग आहे, मिकी सुगिमोतो आणि तिच्या लाल हेल्मेटवाल्या पोरी टोकियोहून मोटरसायकलींवर क्योतोला जातात आणि तिथल्या टोळीला आव्हान देतात. इथे मात्र गोदाकाठ यांचं सगळं म्हणणं लागू होतं. नग्नता आहे, छळ आहे, तोएईच्या बाबूंनी आकडा ठरवून टाकल्यासारखी आहे. तरी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. याकुझा म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळ्यांतल्या पुरुषांच्या सिनेमात जे निष्ठेचे नियम असतात ते सगळे इथे मुली पाळतात आणि खरे याकुझा येतात ते लबाड, भित्रे, पैसेखाऊ. म्हणजे त्या काळच्या जपानी सिनेमानं पुरुषांची सगळी शान काढून मुलींना दिली. सुकेबान मुली तेव्हा खरोखर होत्या, शाळेचा गणवेश मुद्दाम लांब स्कर्टचा करून घालायच्या. आखूड स्कर्ट तेव्हा फॅशनमध्ये होता म्हणून ह्यांचा लांब! चहापोळी, तुमच्या पोटरीच्या काळजीचं उत्तर जपानी मुलींकडे होतं बघा.

चहापोळी
@शिंजुकू_एक्सप्रेस अरिगातो! पोटरी वाचली.

ऑस्टिनकर
शिंजुकू, जबरी प्रतिसाद. अजून येऊ द्या.

मी पैशांबद्दल थोडं लिहितो कारण ह्या सिनेमांत मोटरसायकलच का, हे त्याशिवाय कळत नाही. चालू गाडीच्या दृश्यात संवाद नसतात, म्हणजे जागेवर आवाज रेकॉर्ड करायची गरज नाही, नंतर वरून गाणं चढवलं की झालं. सेट नाही, रस्ता फुकट. दुसरी गाडी पुढे घेऊन तिच्या मागच्या दारातून शूट करा, दहा मिनिटांचा सिनेमा तयार. आणि खरे बाईकर आणले तर गाडी त्यांची, कपडे त्यांचे, दाढी त्यांची. वाइल्ड एंजल्ससाठी कॉर्मननं हेल्स एंजल्स ह्या खऱ्या मोटरसायकल गँगची माणसं घेतली होती. त्याचा दर त्यानं स्वतःच नंतर सांगितलाय: माणसाला दिवसाचे ३५ डॉलर, त्याच्या मोटरसायकलचे २० आणि त्याच्या बाईचे १५.

हे परत वाचा. गाडीला २०, बाईला १५.

फुलथ्रॉटल
हे वाचून डोकं सणकलं. आणि त्या सिनेमात नॅन्सी सिनात्रासारखी तेव्हाची प्रसिद्ध गायिका आहे, गाणं नंबर एकवर गेलेलं त्याच वर्षी, ती काय करते तर पीटर फोंडाच्या मागे बसते. टपोरी, तुमचं डबलसीट ते हेच.

गोदाकाठ
ऑस्टिनकर, ह्या एका दरपत्रकात माझा सगळा प्रतिसाद आला.

टपोरी_प्रोजेक्टर
आणि म्हणूनच मला वाटतं की दोनच वर्षांत, १९६८ ला, त्याच धंद्यातल्या कुणीतरी बायकांना त्यांच्या स्वतःच्या गाड्यांवर बसवून कॅमेऱ्यासमोर आणलं ही लहान गोष्ट नाही. हेतू धंद्याचाच होता, मान्य. पण पडद्यावर जे उमटलं ते उमटलंच की. पंधरा डॉलरवाली बाई मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आली.

खडीसाखर
बरं, ऑस्टिनकरांचा प्रतिसाद वाचून मला प्रश्न पडला, खऱ्या आयुष्यात तेव्हा अमेरिकेत बायका मोटरसायकल चालवत होत्या का? की हे सगळं सिनेमावाल्यांच्या डोक्यातलं?

फुलथ्रॉटल
@खडीसाखर, ह्या प्रश्नाबद्दल मनापासून धन्यवाद, ह्यावर मी तासभर बोलू शकते.

१९१६ ला ऑगस्टा आणि अ‍ॅडेलिन व्हॅन ब्युरेन ह्या बहिणी 'इंडियन' ह्या अमेरिकन कंपनीच्या दोन मोटरसायकलींवर न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला गेल्या. रस्ते म्हणजे चिखल. वाटेत पाइक्स पीक चढल्या. आणि त्यांना पोलिसांनी अडवलं कशासाठी, तर पुरुषांचे कपडे घातले म्हणून! पहिल्या महायुद्धात बायकांना निरोप पोचवणाऱ्या मोटरसायकलस्वार म्हणून घ्या हे दाखवायला त्या निघाल्या होत्या, सैन्यानं घेतलं नाहीच. मग डॉट रॉबिन्सन, १९४० ला मिशिगनच्या जॅक पाइन ह्या खडतर शर्यतीत साइडकार गटात जिंकली आणि लगेच पुढे लिंडा ड्यूगोबरोबर मोटर मेड्स हा बायकांचा क्लब उभा केला. ह्या क्लबचा गणवेश होता, आणि हातात पांढरे मोजे. पांढरे! लोक बाईकवाल्या बाईला वाया गेलेली समजतात हे त्यांना माहीत होतं म्हणून इतकं स्वच्छ, इतकं टापटीप राहायचं की कुणाला तोंड उघडायला जागा नको.

आता मला जे सगळ्यात जास्त लागतं ते सांगते. शी-डेव्हिल्सचं शूटिंग फ्लोरिडात, मायामीला लागून असलेल्या मेडलीत झालं. गँगच्या म्होरक्या बाईचं नाव 'क्वीन'. आणि त्याच मायामीत तेव्हा बेसी स्ट्रिंगफील्ड राहत होती. कृष्णवर्णीय बाई, १९३० पासून एकटी मोटरसायकलवर अमेरिकाभर फिरलेली, नकाशावर नाणं टाकायचं आणि पडेल तिथे जायचं. दक्षिणेत हॉटेलवाले खोली द्यायचे नाहीत तेव्हा पेट्रोलपंपावर गाडीवरच अंग टाकून झोपायची. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी टपाल वाहून नेलं. मायामीत पोलिसांनी परवान्यासाठी त्रास दिला तर त्यांच्यासमोर गाडी चालवून दाखवली. नर्सचं काम करून उरलेल्या वेळात स्वतःचा क्लब चालवायची. तिलाच लोक मायामीची मोटरसायकल क्वीन म्हणायचे!

म्हणजे खोट्या क्वीनवर कॅमेरा लागला तेव्हा खरी राणी त्याच शहरात गाडी चालवत होती आणि तिच्यावर कुणाला सिनेमा सुचला नाही. १९९३ ला ती गेली, २००२ मध्ये अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या मानकऱ्यांत तिचं नाव आलं. मला त्या लुईसचा राग नाही येत, पण हे आठवलं की सिनेमा बघताना मध्येच थांबायला होतं.

खडीसाखर
फुलथ्रॉटल, ही माहिती आजवर कुठेच वाचली नव्हती. ह्यावर वेगळा लेख लिहा, प्लीज.

मॅटिनीबाज
+१००. अवांतर: आमच्या डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघतात मुली, दरवर्षी बघतो. ढोलाच्या गजरात फोटोवाले त्यांच्याच मागे.

फुलथ्रॉटल
काका, त्यातल्या एका वर्षी मीही होते. आणि खरं सांगते, नऊवारीत गिअर टाकायला काही अडचण येत नाही, काष्टा असतो ना, उलट पाचवारीपेक्षा कितीतरी बरं. अडचण येते ती पाडवा झाल्यावर, त्याच रस्त्यावरून रात्री साडेदहाला साध्या जीन्समध्ये घरी येताना. तेव्हा फोटोवाले नसतात, शेजारून जाणारे टोळभैरव असतात. म्हणून मला ह्या सिनेमांतल्या त्या बायका गटानं फिरतात ते इतकं आवडतं. एकटी बाई गाडीवर म्हणजे प्रश्न, दहा बायका गाड्यांवर म्हणजे समोरच्यालाच बाजूला व्हावं लागतं. शी-डेव्हिल्सच्या गाण्याचा अर्थच तो आहे, रस्त्यातून बाजूला हो. पुढे क्रॅम्प्स ह्या पंक बँडनं ते गाणं परत केलं, त्यांच्या पॉयझन आयव्हीच्या आवाजात ऐका.

शिंजुकू_एक्सप्रेस
ताई, +१. गटानं फिरण्याचा मुद्दा जपानी सिनेमांतही तसाच आहे.

ऑस्टिनकर
एक नाव अजून कुणीच घेतलं नाही म्हणून मी घेतो: बार्बरा पीटर्स. १९७१ ला बरी मी अ‍ॅन एंजल, लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही तिचं. बाईकर सिनेमा बाईनं लिहून दिग्दर्शित केला असा हा पहिला. कॉर्मनच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सनं लावला. डिक्सी पीबडी नावाची सहा फूट उंच मुलगी, डॅग. दारात भावाला बंदुकीनं उडवलं जातं आणि ती मारेकऱ्याच्या शोधात मोटरसायकलवर निघते, बरोबर दोन मित्र, पण ते तिच्या मागून. त्याच्या पोस्टरवरचे शब्द टॅरँटिनोनं किल बिलमध्ये नायिकेच्या तोंडी घातलेत.

पुढे पीटर्सचं काय झालं तेही ऐका. १९८० ला तिनं न्यू वर्ल्डसाठी समुद्री राक्षसांचा सिनेमा केला, ह्युमनॉइड्स फ्रॉम द डीप. तिनं जो केला त्यात बलात्काराची दृश्यं पुरेशी उघडी नाहीत म्हणून कॉर्मननं दुसऱ्याकडून ती शूट करून आत घातली. तिनं नाव काढा म्हटलं, काढलं नाही.

गोदाकाठ
ही पीटर्सची गोष्ट महत्त्वाची आहे. म्हणजे सुरुवातीला लिहिलेला माझा नियम कुणी कागदावर नाही तर थेट एडिटिंग टेबलावर राबवत होतं. बरी मी अ‍ॅन एंजल मिळवून बघते. कुठे मिळेल?

ऑस्टिनकर
डिस्कवर निघालाय, शोधलात तर मिळेल. लुईसचे चौदा सिनेमे अ‍ॅरो व्हिडिओनं २०१६ ला एका पेटीत काढले, त्याच वर्षी तो वारला. हे सिनेमे आज बघायला मिळतात ह्याचं खूपसं श्रेय माइक व्रॅनीला, सिअ‍ॅटलमध्ये त्यानं समथिंग वियर्ड व्हिडिओ सुरू करून असल्या कुणालाही नको असलेल्या प्रिंट गोळा केल्या. तो २०१४ ला गेला. आमच्या ऑस्टिनमध्ये अमेरिकन जॉनर फिल्म आर्काइव्ह आहे, तेही हेच काम करतात, प्रिंट धुऊनपुसून परत दाखवतात. मी तिथल्या एका खेळाला गेलो होतो, थिएटरात निम्म्या बायका होत्या आणि शर्यतीच्या सीनला शिट्ट्या त्याच मारत होत्या. १९६८ ला कोण बसलं होतं हा गोदाकाठ यांचा प्रश्न बरोबरच आहे, आज कोण बसतंय तेही बघायला हवं.

चहापोळी
नंतरच्या काळात काही आलंय का ह्यात? की १९७३ ला दुकान बंद?

टपोरी_प्रोजेक्टर
@चहापोळी, लाट ओसरली पण अधूनमधून येतात. १९७२ चा अल अ‍ॅडमसनचा एंजल्स वाइल्ड विमेन अगदी लाटेच्या शेवटचा, खुनांसाठी कुप्रसिद्ध चार्ल्स मॅन्सनची टोळी जिथे राहायची त्या स्पान रँचवर शूट केलेला, सुरुवात बायकांच्या गँगनं आणि मग पुरुषच पुरुष, बघितला नाहीत तरी चालेल. १९८९ चा चॉपर चिक्स इन झॉम्बीटाउन मात्र बघाच, ट्रोमानं लावलेला, बाईकवाल्या बायका एका आडगावात पोचतात आणि तिथे मेलेले उठतात. बिली बॉब थॉर्नटन त्यात छोट्या भूमिकेत आहे, तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्यात बायकांची आपापसातली बडबड फार छान आहे, एकमेकींवर चिडतात, सोडून जायच्या गोष्टी करतात, परत येतात. गँगमधल्या बायका मैत्रिणी आहेत हे जाणवणारा हाच एक.

गोदाकाठ
बघितला एकदाचा बरी मी अ‍ॅन एंजल. शेवट सांगत नाही, फुलथ्रॉटल बघणार आहे म्हणाली.

टपोरी, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं आता असं आहे. सिनेमा संथ आहे, मधली वीस मिनिटं सहज उडवता येतील, आणि कपडे उतरवण्याचा हप्ता पीटर्सलाही भरावा लागलाय. पण डॅगकडे कॅमेरा ज्या उंचीवरून बघतो तो फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो. ती पुरुषांपेक्षा उंच आहे आणि ते लपवायला तिला बसवलेलं नाही, उभं केलंय. तिला झोप लागत नाही, भावाचा मृत्यू परत परत दिसतो, रस्त्यात थांबून ती नुसती गप्प बसते. राग येण्याआधी शोक आहे, आणि ह्या अख्ख्या यादीत शोक करणारी बाई मला दुसरी दिसली नाही. बरोबरचे दोघं मित्र तिला परत फिरायला सांगत राहतात आणि ती ऐकत नाही तेव्हा ते तिच्याच मागे गाडी काढतात.

तरीही शी-डेव्हिल्सबद्दलचं मत मी बदललेलं नाही.

फुलथ्रॉटल
शोकाचा मुद्दा बघून मगच बोलेन. पण ती क्लच दाबते का ते तर सांग!

गोदाकाठ
लांबच्या शॉटमध्ये दाबते. जवळच्यात मला कळलं नाही, तू बघ आणि सांग.